माणसाने न लिहिलेला कायदा : ख्रिस्ती नीतिशास्त्रातील ‘नैसर्गिक विधी’

राज्यसंस्थेने केलेल्या कायद्याच्या वरही एक कायदा आहे, तो मनुष्याच्या स्वभावातच रुजलेला आहे आणि बुद्धीच्या साहाय्याने तो कोणत्याही देशातील व कोणत्याही धर्मातील माणसाला जाणता येतो, असे मानणाऱ्या विचारपरंपरेस ‘नैसर्गिक विधीचा सिद्धांत’ म्हणतात. ‘नैसर्गिक कायदा’ या नावानेही तो ओळखला जातो. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात त्याची मुळे ख्रिस्तपूर्व काळातील असली, तरी त्याची सुसंगत मांडणी ख्रिस्ती नीतिशास्त्राने केली. येथे ‘निसर्ग’ या शब्दाने गफलत होऊ नये. गुरुत्वाकर्षण हा सृष्टीचा नियम असून दगडाला तो मोडता येत नाही. नैसर्गिक विधी मात्र माणसाला मोडता येतो, आणि म्हणूनच तो नीतीचा विषय ठरतो.

हा विषय युरोपातील मठांपुरता व ग्रंथालयांपुरता मर्यादित आहे, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत किंवा शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात वनहक्काचा दावा दाखल करणारा आदिवासी शेतकरी याच प्रश्नाच्या उंबरठ्यावर उभा असतो. संसदेने २००६ साली संमत केलेल्या कायद्याचे नावच ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम’ असे आहे. यातील ‘मान्यता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जे आधीपासून आहे, तेच मान्य करता येते. मग कागदावर येण्यापूर्वी हा हक्क होता कोठे? ‘कायद्याने दिला तोच हक्क’ असे मानणाऱ्यांपाशी या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. नैसर्गिक विधीच्या पुरस्कर्त्यांपाशी आहे. ते पटण्याजोगे आहे की नाही, हे त्या सिद्धांताचा परिचय करून घेतल्यावरच ठरविता येईल.

उगम

राजाज्ञेहून श्रेष्ठ अशा अलिखित विधीची कल्पना ग्रीक नाटककार सॉफोक्लिझ याच्या ‘अँटिगनी’ या नाटकात आढळते. भावाचे अंत्यसंस्कार करू नयेत ही राजाची आज्ञा त्यातील नायिका मोडते. अ‍ॅरिस्टॉटलने निसर्गतः न्याय्य आणि संकेताने न्याय्य असा भेद केला. स्टोइक विचारवंतांनी संपूर्ण विश्व एकाच विवेकतत्त्वाने चालते असे प्रतिपादले, आणि रोमन वक्ता सिसेरो याने त्या विचाराला कायद्याच्या परिभाषेत आणले.

ख्रिस्ती परंपरेने याचा स्वीकार करताना आधार घेतला तो संत पौल याच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा. त्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो त्याचा आशय असा की, ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळालेले नाही असे लोकही त्यातील गोष्टी स्वभावतः आचरतात, कारण तो नियम त्यांच्या अंतःकरणावर कोरलेला असतो आणि त्यांची सद्सद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. नीतीचे ज्ञान केवळ धर्मग्रंथ वाचणाऱ्यांची मिरास नाही, हे पुढील सर्व मांडणीचे बीज येथे सापडते. चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टीन याने त्यात एका विचाराची भर घातली : जो कायदा न्याय्य नाही, त्यास कायदा म्हणणेच कठीण आहे.

अ‍ॅक्विनासची मांडणी

या सिद्धांताला शास्त्रीय रूप दिले ते डोमिनिकन संघाचे साधू संत थॉमस अ‍ॅक्विनास (सु. १२२५–१२७४) यांनी. त्यांच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या अपूर्ण राहिलेल्या बृहद्ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात कायद्याविषयीचे विवेचन येते. कायद्याच्या त्यांच्या व्याख्येत चार अटी आहेत. कायदा हा विवेकाचा आदेश असावा. तो सर्वांच्या हितासाठी असावा. समाजाची काळजी ज्याच्याकडे सोपविली आहे त्यानेच तो करावा. आणि तो जाहीर केलेला असावा. सत्ताधीशाची लहर यांपैकी पहिल्याच अटीवर अडते.

अ‍ॅक्विनास विधीचे चार प्रकार मानतात. विश्वाचा कारभार ज्या ईश्वरी योजनेने चालतो तो शाश्वत विधी. त्या योजनेत बुद्धिमान प्राणी म्हणून मनुष्य जो सहभाग घेतो तो नैसर्गिक विधी. राज्यांनी केलेला तो मानवी विधी. आणि धर्मग्रंथांतून प्रकट झालेला तो ईश्वरी विधी. नैसर्गिक विधीचे पहिले सूत्र अगदी साधे आहे : चांगले ते करावे व साधावे, वाईट ते टाळावे. परंतु चांगले म्हणजे काय? त्याचे उत्तर अ‍ॅक्विनास मनुष्याच्या स्वाभाविक प्रवृत्तींत शोधतात. स्वतःचे अस्तित्व टिकविण्याची प्रवृत्ती सर्व सजीव-निर्जीवांत आहे. संतती निर्माण करून तिचे संगोपन करण्याची प्रवृत्ती सर्व प्राण्यांत आहे. तर सत्य जाणण्याची, विशेषतः ईश्वराविषयीचे सत्य जाणण्याची, आणि समाजात राहण्याची प्रवृत्ती केवळ मनुष्यात आहे. जीवन, कुटुंब, ज्ञान व सहजीवन ही मूलभूत मूल्ये या प्रवृत्तींतून समोर येतात.

मानवी कायदे या सूत्रांपासून दोन रीतींनी निघतात. जळगावच्या बाजारातील व्यवहाराचे उदाहरण घेऊ. कापूस किंवा केळी मोजताना काटा मारू नये, हा ‘कोणाची फसवणूक करू नये’ या तत्त्वाचा सरळ निष्कर्ष आहे. तो नियम कोणत्याही राज्यात सारखाच राहील. काट्याची तपासणी किती महिन्यांनी व्हावी आणि त्यावर मुद्रा कोणी उमटवावी, हे मात्र निष्कर्षाने ठरत नाही. ते त्या त्या राज्याने निश्चित करावयाचे असते. पहिल्या प्रकारच्या नियमांचे बळ मूळ नीतीतून येते, दुसऱ्या प्रकारच्या नियमांचे केवळ राज्याच्या निर्णयातून.

अ‍ॅक्विनास यांना नियम यांत्रिकपणे लावणे मान्य नव्हते. दुसऱ्याची ठेव परत करावी हा नियम सामान्यतः योग्य, पण ती ठेव स्वदेशाविरुद्ध लढण्यासाठी मागितली जात असेल तर तो लागू होत नाही, असे ते सांगतात. तपशिलात जितके खोल जावे तितकी अपवादांची शक्यता वाढते, ही कबुली त्यांच्या मांडणीतच आहे. चोरीविषयीचे त्यांचे विवेचन तर आजही विचार करावयास लावणारे आहे. सृष्टीतील संपत्ती मुळात सर्वांच्या पोषणासाठी आहे. खासगी मालकी ही त्या पोषणाची व्यवस्था नीट लागावी म्हणून माणसाने केलेली तजवीज आहे. म्हणून दुसरा कोणताही उपाय उरलेला नसताना जीव वाचविण्यासाठी कोणी दुसऱ्याचे अन्न घेतले, तर ती खऱ्या अर्थाने चोरी होत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ सोसलेल्या खानदेशच्या वाचकाला या विधानाचे वजन वेगळे सांगावयास नको.

अन्याय्य कायदा पाळावा काय?

अ‍ॅक्विनास यांच्या मते कायदा तीन कारणांनी अन्याय्य ठरतो : तो लोकहिताऐवजी सत्ताधाऱ्याच्या लाभासाठी केलेला असेल, तो करणाऱ्याने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली असेल, किंवा त्याचा भार लोकांवर विषम रीतीने टाकलेला असेल. असा कायदा सद्सद्विवेकबुद्धीला बंधनकारक नसतो. मात्र ते लगेच एक सावधगिरीची सूचना देतात. कायदा मोडल्याने मोठी अव्यवस्था माजणार असेल, तर माणसाने आपला हक्क सोडून देणेही कधी कधी श्रेयस्कर ठरते. ईश्वराच्या आज्ञेविरुद्ध वागावयास लावणारा कायदा मात्र केव्हाही पाळू नये.

हाच प्रश्न खानदेशात १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात वेगळ्या भाषेत उभा होता. सविनय कायदेभंगात शिक्षा झालेले अनेक सत्याग्रही तेथे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी आचार्य विनोबा भावे यांनी तेथे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. या सत्याग्रहींचा आधार गीता होता, अ‍ॅक्विनास नव्हे. तरीही कायदा उघडपणे मोडावा, शिक्षा आनंदाने भोगावी आणि तसे करताना समाजात द्वेष व अराजक माजू देऊ नये, ही त्यांची रीत अ‍ॅक्विनास यांच्या दुहेरी सूचनेशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात हे दोन प्रवाह एकत्र आले. गांधीजींच्या मार्गाने चाललेल्या या धर्मोपदेशकाने वर्णभेदाचे कायदे मोडण्याचे समर्थन करताना ऑगस्टीन व अ‍ॅक्विनास यांचीच साक्ष काढली होती.

साने गुरुजींचे उदाहरण आणखी एका दृष्टीने उद्बोधक आहे. अमळनेर येथे प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी ख्यातकीर्त झालेल्या या संस्थेत गुरुजी प्रथम अभ्यासक म्हणून आले व नंतर तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. येथे विरोध परकीय सरकारच्या कायद्याला नव्हता. स्वकीयांच्या, धर्माचे पाठबळ सांगणाऱ्या रूढीला होता. रूढी कितीही जुनी असली तरी ती विवेकाच्या न्यायासनापुढे उभी केली पाहिजे, हा नैसर्गिक विधीच्या परंपरेतील मुख्य आग्रह या उपोषणाच्या मुळाशी दिसतो.

सालामांका आणि गोवा

या सिद्धांताची राजकीय कसोटी लागली ती सोळाव्या शतकात. स्पेनने अमेरिका खंडात साम्राज्य उभे केले, तेव्हा तेथील मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवर हक्क आहे की नाही, हा वाद उपस्थित झाला. सालामांका विद्यापीठातील डोमिनिकन प्राध्यापक फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने १५३९ च्या व्याख्यानांत असे प्रतिपादले की, मालमत्तेचा व स्वशासनाचा हक्क मनुष्यत्वामुळे प्राप्त होतो. कोणी ख्रिस्ती नाही एवढ्या कारणाने तो नष्ट होत नाही. १५५०-५१ मध्ये व्हायादोलीद येथे झालेल्या वादात बार्तोलोमे दे लास कासास याने याच भूमिकेतून मूळ रहिवाशांची बाजू मांडली. ज्यांच्यापाशी सात-बाराचा उतारा नाही, त्यांच्याही जमिनीवरील हक्काचे समर्थन करणारी ही युरोपातील प्रारंभीची मोठी मांडणी होय.

तथापि, सिद्धांत असणे आणि तो आचरणात येणे यांत अंतर असते. त्याच शतकात पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले आणि मधला अल्पकाळ वगळता ते १८१२ पर्यंत चालू राहिले. खुद्द अ‍ॅक्विनास यांनीही पाखंडी व्यक्तीस देहदंड देण्याचे समर्थन केले होते. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, हे सांस्कृतिक वैभव खरे. पण त्यामुळे धर्मसत्तेचा जुलूम झाकला जात नाही. सर्व माणसांत विवेक आहे असे मानणारी परंपरा भिन्न विवेकाने वागणाऱ्यांना सहन करू शकली नाही, हा या इतिहासातील मोठा विसंवाद होय.

प्रॉटेस्टंट दृष्टिकोन

ख्रिस्ती समाजात सर्वत्र या सिद्धांताला सारखे स्थान नाही. खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांचा उगम मुख्यतः भुसावळ, धुळे, नंदुरबार या भागांत काम केलेल्या प्रॉटेस्टंट मिशनांच्या कार्यात आहे. या परंपरेत नीतीचा पहिला आधार बायबल हा असतो. मनुष्याची बुद्धी पापामुळे मलिन झालेली असल्याने तिच्यावर फार विसंबू नये, असा इशारा तेथे दिला जातो. ल्यूथर व कॅल्व्हिन यांनी नैसर्गिक विधी पूर्णतः नाकारला नव्हता. परंतु विसाव्या शतकातील स्विस धर्मपंडित कार्ल बार्थ याने निसर्गातून ईश्वरज्ञान मिळविण्याचा मार्गच अमान्य केला. जर्मनीत नाझी राजवट ‘रक्त’ आणि ‘वंश’ यांना निसर्गाची आज्ञा म्हणून मिरवीत असताना त्याने हा नकार दिला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागील तळमळ कळते.

महाराष्ट्रातील प्रतिध्वनी

महाराष्ट्रात या विचाराचे आगमन अ‍ॅक्विनास यांच्या ग्रंथांतून झाले नाही; ते झाले अठराव्या शतकातील ‘नैसर्गिक हक्क’ या त्याच्या लौकिक वारसाद्वारे. महात्मा जोतीराव फुले यांचे शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले आणि टॉमस पेन याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथाचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. पेन हा रूढ ख्रिस्ती धर्माचा कठोर टीकाकार होता. फुल्यांनीही कोणत्याच धर्मग्रंथाला अंतिम प्रमाण मानले नाही. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात ‘निर्मिक’ याने सर्व स्त्री-पुरुषांना जन्मतःच स्वतंत्र व समान हक्कांचे धनी केले आहे, अशी भूमिका मांडलेली आहे. ग्रंथापेक्षा निर्मिकाने दिलेले मनुष्यत्व मोठे, हा त्यांचा निर्वाळा नैसर्गिक विधीचा अस्सल मराठी आविष्कार म्हणावा लागेल.

भारतीय परंपरेतील ‘धर्म’ या संकल्पनेशी या सिद्धांताची तुलना नेहमी केली जाते. अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच, इंद्रियनिग्रह हे सर्वांना लागू असणारे साधारण धर्म नैसर्गिक विधीच्या जवळचे आहेत. मात्र वर्ण व आश्रम यांनुसार बदलणाऱ्या विशेष धर्मांबाबत वाट वेगळी होते. गीतेतील ‘स्वभावनियत’ कर्माची कल्पना व्यक्तीच्या अथवा गटाच्या भिन्न स्वभावाकडे निर्देश करते. अ‍ॅक्विनास ज्या स्वभावाविषयी बोलतात तो सर्व माणसांत समान आहे. ‘स्वभाव’ हा शब्द एकच असला, तरी एका वाटेने तो भेदाचे समर्थन करू शकतो आणि दुसऱ्या वाटेने समतेचे.

आक्षेप

या सिद्धांतावरील सर्वांत गाजलेला तार्किक आक्षेप स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याच्या १७३९-४० मधील विवेचनातून पुढे आला. ‘असे आहे’ या विधानावरून ‘असे असावे’ हे विधान निघत नाही. माणसात प्रजोत्पादनाची प्रवृत्ती आहे, एवढ्यावरून अमुक वर्तन कर्तव्य कसे ठरते? आणि आक्रमकता हीसुद्धा प्रवृत्तीच आहे. ती का वगळावी?

व्यवहारातील आक्षेप याहून बोचरा आहे. ‘निसर्ग’ काय सांगतो हे ठरविणार कोण? संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांना आपल्या प्रचारामुळे मुंबईतील मिशनच्या विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकपदाला मुकावे लागले. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून त्यांनी आपला प्रचार चालू ठेवला. अँग्लिकन चर्चच्या लँबेथ परिषदेने १९३० मध्ये काही मर्यादांसह संततिनियमनाला मान्यता दिली. कॅथलिक चर्चने मात्र त्याच वर्षी व पुन्हा २५ जुलै १९६८ च्या ‘हुमाने व्हिते’ या परिपत्रकात नैसर्गिक विधीचा आधार घेऊन कृत्रिम साधने निषिद्ध ठरविली. एकाच विवेकाचा दावा करणाऱ्यांत असा मतभेद व्हावा, हे या सिद्धांतापुढील अवघड कोडे आहे.

भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ हे दुसरे उदाहरण. १८६० च्या या कायद्यात ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध हा गुन्हा ठरविला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते ते कलम घटनाबाह्य ठरविले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तशी तरतूदच नाही. ‘निसर्गाविरुद्ध’ हा शिक्का मारून बहुसंख्याकांची अभिरुची कायदा बनू शकते, हे यावरून दिसते.

या आक्षेपांना उत्तर देण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलियन विधिवेत्ते जॉन फिनिस यांनी ‘नॅचरल लॉ अँड नॅचरल राइट्स’ (१९८०) या ग्रंथात केला. त्यांच्या मते नीती ही शरीररचनेवरून काढलेले अनुमान नसते. जीवन, ज्ञान, मैत्री यांसारखी मूल्ये स्वतःच्या बळावर वरणीय आहेत, हे व्यवहारबुद्धीला थेट उमगते. कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हिंदू, बौद्ध, इस्लामी आदी परंपरांतील नीतिविचाराचाही परामर्श घेऊन सर्वांना समान अशा नीतीचा शोध घेतला आहे.

न्यायालयात आणि गावात

एखाद्याला हा सर्व वाद निव्वळ शाब्दिक वाटेल. पण आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, मूलभूत हक्कांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग स्थगित असताना स्थानबद्ध व्यक्तीला दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने दिला. न्या. एच. आर. खन्ना यांचे मत एकटे पडले. जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क केवळ राज्यघटनेच्या कलमातून उद्भवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाच्या खटल्यात १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरविला आणि हे हक्क राज्याने दिलेले दान नसल्याचे स्पष्ट केले. एकेकाळी मठात घासून तयार झालेला विचार अशा रीतीने, धर्मश्रद्धेचे वेष्टन बाजूला ठेवून, भारतीय नागरिकाच्या कामी आला.

वनहक्क कायद्याकडे पुन्हा वळल्यास त्याचे महत्त्व अधिक जाणवेल. वनहक्कांना पुरेशी मान्यता न मिळाल्याने ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, असे त्या कायद्याची उद्देशिकाच सांगते. म्हणजे जे घडले ते त्या काळच्या कायद्याला धरून असूनही अन्याय्य होते, हे संसदेने मान्य केले. दावा पडताळताना कागदपत्रांखेरीज गावातील वडीलधाऱ्यांची लेखी नोंदविलेली साक्षही ग्राह्य धरण्याची तरतूद आहे, आणि दाव्यांची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दावे फेटाळले गेलेल्यांना हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो स्थगित केला. एखादा दावा पुराव्याअभावी फेटाळला जाऊ शकतो, आणि खोटा दावा फेटाळलाच पाहिजे. परंतु पुरावा नाही म्हणून हक्क नाही, असे मानावयाचे, की हक्क असू शकतो म्हणून पुरावा शोधण्यास साहाय्य करावयाचे, यावर त्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते. नैसर्गिक विधीच्या सिद्धांताने ‘निसर्गा’च्या नावाखाली अनेकदा लोकांचे स्वातंत्र्य संकुचित केले, हा त्याचा दोष विसरता येत नाही. सत्तेला प्रत्येक आज्ञेमागील कारण विचारण्याचा माणसाचा अधिकार मात्र त्याने कधी संशयास्पद होऊ दिला नाही. तहसील कचेरीतील टेबलावर दाव्याची फाईल उघडली जाते, तेव्हा हाच अधिकार पणाला लागलेला असतो.